एकही चूक नसलेला करार

मार्लिस वोंद्राने अडतीस वर्षं बियाण्यांच्या कॅटलॉगची प्रुफं तपासली. एकदा टोमॅटोच्या पानावर ‘साठ दिवसांत फळ’ऐवजी ‘सहा दिवसांत फळ’ छापून जाणार होतं, ते ऐन वेळी तिने पकडलं होतं. ही हकीगत तिने ग्रँड आयलंड गावातल्या भेटेल त्या माणसाला इतक्यांदा ऐकवली होती, की सहाचा आकडा कानावर पडला तरी चर्चमधल्या बायका कप उचलून कॉफीच्या टेबलाकडे सरकायच्या. मार्लिसला ते दिसायचं. पण कौतुक करून घ्यायची संधी आली की दिसलेलं न दिसल्यासारखं करणं तिला छान जमायचं, हे ती स्वतःच पुढे सांगायची.

नवरा लेलंड होता तोवर घरातलं बिघडलेलं तोच बघायचा. तो रेल्वेच्या यार्डात कामाला होता आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर आला की जगातली कुठलीही वस्तू खोलायची त्याची तयारी असे. तो गेल्यावर घराने जेमतेम वर्षभर दम धरला. मग भांडी धुण्याचं मशीन गळायला लागलं. गॅरेजचं दार अर्धं उघडायचं आणि तिथेच विचारात पडायचं. ओरेगनमध्ये राहणारी मुलगी, कॉरीन, फोनवर म्हणाली की आई, घराची वॉरंटी काढून टाक, वर्षाचे पैसे भरायचे, काही बिघडलं की कंपनी माणूस पाठवते. मार्लिस म्हणाली, घराचा विमा आहे की आपला. कॉरीन म्हणाली, ते वेगळं, हे वेगळं. वेगळं म्हणजे काय, ते सांगायच्या आत तिला मीटिंगला जावं लागलं आणि मार्लिसने पुन्हा विचारलं नाही. विचारणं तिच्या स्वभावात नव्हतं. वाचणं होतं.

लायब्ररीत जाऊन तिने तीन कंपन्यांचे करार छापून आणले. जेवणाच्या टेबलावर ते पसरून, लाल पेन्सिलीला टोक काढून ती तीन दिवस बसली. पहिल्या करारात अकरा चुका निघाल्या. दुसऱ्यात चारच, पण त्यातली एक ‘हीटर’च्या स्पेलिंगमध्ये होती, आणि ज्यांना हीटर लिहिता येत नाही ते दुरुस्त काय करणार, असा तिने निकाल दिला. तिसरा करार ‘सनी गेबल’ नावाच्या कंपनीचा. बावीस पानं, बारीक टाइप, आणि चूक एकही नाही. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. मार्लिसला भरून आलं. इतकी नेटकी माणसं कुणाला फसवणार नाहीत, असं म्हणून तिने सही केली. पहिल्या कंपनीला तिने त्यांचा करार लाल खुणांसकट पोस्टाने परत पाठवला. त्यांचं उत्तर आलं नाही, याचं तिला आश्चर्य वाटलं.

कुठल्या वस्तू धरल्या आहेत, किती रकमेपर्यंत, दुरुस्त करायचं की नवं द्यायचं हे कोण ठरवणार, जुन्या वस्तूंचं काय, आणि कंपनी कधी हात वर करू शकते, हे सगळं नऊ ते चौदा या पानांवर स्वच्छ लिहिलेलं होतं. त्या पानांवरचे स्वल्पविराम तर तिने दोनदा तपासले होते.

पुढच्याच रविवारी, प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी चालू असताना तिने हा विषय काढला. कुणी विचारलं नव्हतं. ती उभी राहिली आणि वीस मिनिटं बोलली. लेलंडची थोरली बहीण बर्नाडीन पुढेच बसली होती. चौऱ्याहत्तर वर्षांची, शाळेच्या स्वयंपाकघरात उभी हयात गेलेली, एकटी राहणारी आणि जपून खर्च करणारी बाई. तिने एकच प्रश्न विचारला.

“म्हणजे काहीही बिघडलं तरी ते येऊन करून देणार?”

“काहीही,” मार्लिस म्हणाली.

त्या आठवड्यात बर्नाडीनसह चौघींनी सनी गेबलची वॉरंटी घेतली.

जुलैत मार्लिसचा एसी बंद पडला. बाहेर मका तरारून वाढत होता आणि घरात लोणी बशीतल्या बशीत पातळ होत होतं. तिने रुबाबात कंपनीला फोन लावला. माणूस येईल, पण दर फेरीचे पंच्याऐंशी डॉलर तुम्ही भरायचे, असं तिकडून सांगितलं. हे कुठे लिहिलंय, असं मार्लिसने विचारलं. पान तीन, असं उत्तर आलं. माणूस यायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस तिने लायब्ररीच्या गारव्यात काढले.

आलेला मेकॅनिक एस्तेबान किरोस हा पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस होता. तो थेट घरामागे, एसीच्या बाहेरच्या युनिटकडे गेला आणि ते शोधत उभा राहिला. कारण ते दिसत नव्हतं. तो पत्र्याचा खोका मार्लिसच्या डोळ्यांना खुपायचा, म्हणून पाच वर्षांपूर्वी तिने त्याच्याभोवती लाकडी जाळी उभी करून जांभळ्या फुलांचा वेल चढवला होता.

“मॅडम, हा वेल कुणी लावला?”

“मीच. छान आलाय ना?”

“छान आलाय,” किरोस म्हणाला. “पण युनिटला श्वास घ्यायला जागाच ठेवली नाही त्याने.”

त्याने वेल बाजूला केला, मुळं कापली, पाच वर्षांचा पालापाचोळा उपसला आणि युनिटचं झाकण उघडलं. मग तो वाकून आत बघू लागला. मार्लिसही वाकली. आत दोन वायरी काळ्या चिकटपट्टीने एकत्र बांधल्या होत्या आणि त्यांच्यावर कॉफीच्या डब्याचं झाकण ठोकलेलं होतं.

“हे माझ्या नवऱ्याचं काम,” ती म्हणाली. “त्याच्या हाताला फार गुण होता.”

बोलली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. लेलंडने काहीही दुरुस्त केलं की तीन-चार स्क्रू उरायचेच, आणि ते तो बरणीत टाकायचा. तो गेला तेव्हा बरणी काठोकाठ भरली होती. पण माणूस गेल्यावर त्याच्या हाताला आपोआप गुण येतो. बायकोने तो दिलेला असतो.

किरोसने विचारलं, हे किती वर्षांपूर्वीचं? ती म्हणाली, अकरा. तो म्हणाला, एवढं टिकलं म्हणजे काहीतरी गुण असणारच. मग त्याने दरवर्षीच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या मागितल्या. सर्व्हिसिंग कधी केलंच नव्हतं, तर पावत्या कुठून येणार? तो जरा ओशाळून म्हणाला, मॅडम, मला जे दिसलं ते लिहून पाठवावं लागतं. मार्लिसने त्याला गळ घातली नाही. लिंबूसरबत दिलं आणि तो जाईपर्यंत ताठ उभी राहिली.

चार दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. क्लेम नामंजूर. कारणं दोन : देखभाल नाही (युनिट वेलाने झाकलेलं) आणि आधीची दुरुस्ती सदोष. मार्लिसने लाल पेन्सिल घेऊन पत्र वाचलं. एकही चूक नव्हती.

मग तिने घराच्या विम्याच्या एजंटला फोन केला. तो म्हणाला, वादळात मोडलं असेल, वीज पडली असेल, झाड कोसळलं असेल तर आम्ही भरून देतो. झाड पडलंय का? मार्लिसने खिडकीतून मागच्या मेपलकडे एक क्षण पाहिलं. झाड अगदी ठणठणीत होतं. नाही म्हणून तिने फोन ठेवला.

संध्याकाळी शेजारचा ओर्व्हल झाब्का कुंपणापाशी आला. एकोणऐंशी वर्षांचा, आयुष्यभर शेतीची यंत्रं विकलेला, हमी आणि गॅरंटी या शब्दांतले सगळे खाचखळगे ठाऊक असलेला माणूस. मार्लिसने त्याला सगळं सांगितलं. त्यात कंपनी कशी लबाड आहे हे तीनदा आलं. ओर्व्हलने शांतपणे ऐकून घेतलं.

“विमा असतो अचानक घडतं त्याच्यासाठी,” तो म्हणाला. “वॉरंटी असते झिजून बिघडतं त्याच्यासाठी. आणि आपणच वेल चढवून गुदमरवलं, तर त्याच्यासाठी फक्त देव असतो. तू करार वाचला होतास ना?”

“अक्षर न् अक्षर.”

“मग काय लिहिलं होतं त्यात?”

मार्लिसने उत्तर द्यायला तोंड उघडलं. बावीस पानांतला एकेक पूर्णविराम तिच्या डोळ्यांसमोर उभा होता. पण काय लिहिलं होतं, त्यातलं एक वाक्य तिला सांगता येईना. ओर्व्हल सभ्य माणूस होता. तो आपल्या टोमॅटोंना पाणी घालायला निघून गेला.

ओरेगनला मुलीकडे जायला साठवलेल्या पैशांतून तिने नवा एसी घेतला. गोष्ट इथेच संपली असती, तर ती फक्त मार्लिसच्या मूर्खपणाची गोष्ट झाली असती, आणि तेवढा मूर्खपणा परवडण्यासारखा होता. पण ट्रकमधून नवं युनिट उतरत असताना बर्नाडीन समोरून गाडी घेऊन गेली. रविवारी चर्चच्या तळघरात मार्लिस पायऱ्या उतरली तेव्हा सगळ्यांना बातमी लागली होती : कंपनीने अख्खा नवा एसी दिला. बायका तिच्याभोवती जमल्या. एकीने तिचा हात हातात घेतला. बर्नाडीन अभिमानाने म्हणाली, आमच्या मार्लिसने वाचून घेतलेलं आहे, उगीच नाही.

“गार छान करतो,” मार्लिस म्हणाली.

यात खोटं काहीच नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडणाऱ्या बाईने समोर ढळढळीत दिसणारी एक चूक तशीच राहू दिली, एवढंच. त्या आठवड्यात आणखी एकीने वॉरंटी घेतली. सप्टेंबरच्या सुरुवातीला आणखी एकीने.

मार्लिसला झोप लागत नव्हती असं नाही. चांगली लागत होती, घर गार होतं. हेही ती पुढे कबूल करायची. मनात रुतत होतं ते दिवसा, बर्नाडीन समोर आली की.

सप्टेंबरच्या मध्यावर चर्चच्या जत्रेसाठी कोलाचे, म्हणजे फळ भरलेले गोड पाव, करायचे होते. दोघी बर्नाडीनच्या स्वयंपाकघरात कणकेचे गोळे दाबून त्यात जर्दाळू भरत होत्या. बोलता बोलता बर्नाडीन म्हणाली, घर गरम ठेवायची ती तळघरातली गॅसची भट्टी आहे ना, ती साफ करायला दर शरदात एक माणूस येतो. त्याला यंदा नको म्हणून कळवून टाकलं. वॉरंटी आहे, मग उगाच त्याला कशाला पैसे द्यायचे? आणि पावत्यांचा तो जुना डबा होता, तोही टाकून दिला. किती वर्षं सांभाळायचा.

मार्लिसचा अंगठा कणकेतच थांबला.

“भट्टी किती जुनी आहे गं?”

“सव्वीस वर्षांची. का?”

“काही नाही,” मार्लिस म्हणाली.

घरी येऊन तिने करार काढला आणि नववं पान उघडलं. या खेपेला पेन्सिल हातात घेतली नाही. हात मोकळा राहिल्यामुळे फार अवघडल्यासारखं झालं. एकेक वाक्य वाचायचं, डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात बर्नाडीनला समजावून सांगायचं, असं तिने ठरवलं. चौदावं पान संपायला दुपार गेली. जिथे ती ‘अर्धविराम योग्य’ म्हणून पुढे गेली होती, तिथे लिहिलं होतं की नियमित देखभालीचा पुरावा नसेल तर भट्टीचा क्लेम धरला जाणार नाही. म्हणजे मार्लिसने आपल्या नणंदेला वॉरंटी काढायला लावली, आणि मग मिजास सांभाळायला गप्प राहून ती निकामीही केली होती.

कबूल न करता निभावता येईल असे तिने दोन मार्ग शोधले. एक, बर्नाडीनच्या नावाने भट्टीवाल्याला परस्पर फोन करायचा. दोन, निनावी पत्र पाठवायचं. पत्राचा मसुदा तिने खरोखरच लिहिला. मग लक्षात आलं, एवढा शुद्ध निनावी मजकूर गावात दुसरं कुणी लिहूच शकत नाही.

रविवारी ती तळघरात उभी राहिली. आधीसारखीच, कुणी विचारलं नसताना. ती म्हणाली, एसी कंपनीने दिला नाही, मी माझ्या पैशांनी घेतला. क्लेम नाकारला, आणि बरोबर नाकारला. मी करार वाचला होता तो चुका शोधायला, काय लिहिलंय ते कळून घ्यायला नाही. तुम्हाला ‘काहीही’ म्हणाले, ते चुकीचं होतं. नवा एसी पाहून तुम्ही कौतुक केलंत, तेव्हा मी गप्प बसले.

बर्नाडीनने कप खाली ठेवला.

“क्लेम का नाकारला?”

“अर्धा लेलंडच्या दुरुस्तीमुळे. अर्धा वेलामुळे. वेल माझा होता.”

“लेलंडने लहानपणी माझी सायकल दुरुस्त केली होती,” बर्नाडीन सगळ्यांना उद्देशून म्हणाली. “गुडघ्यावर अजून खूण आहे.”

बायका हसल्या. मार्लिसही हसायला निघाली, पण बर्नाडीन हसत नव्हती.

“वाचताना चुकलीस, ते चालतं,” ती म्हणाली. “मी तर वाचलंच नव्हतं. पण सात आठवडे तू माझ्या तोंडाकडे बघून गप्प राहिलीस, मार्लिस.”

पर्स उचलून ती निघून गेली. त्यानंतर दहा दिवस तिने फोन उचलला नाही. मार्लिसने केक करून दारात ठेवला, तो दुसऱ्या दिवशी तिच्याच दारात परत आला. एक तुकडा कापून घेतलेला होता, त्यामुळे थोडी आशा होती.

अकराव्या दिवशी बर्नाडीनचाच फोन आला. “तो करार घेऊन ये. पेन्सिल आणू नकोस.”

दोघी टेबलाशी बसल्या. मार्लिस मोठ्याने वाचायची आणि बर्नाडीन दर वाक्याला थांबवून “म्हणजे काय?” विचारायची. पहिल्या तासात मार्लिसचा जीव अगदी मेटाकुटीला आला. दुसऱ्या तासात तिला कळायला लागलं की निम्म्या वाक्यांचा अर्थ तिलाही सांगता येत नाहीये. जिथे दोघी अडल्या तिथे त्यांनी कंपनीलाच फोन करून विचारलं, आणि बोलणाऱ्याचं नाव व तारीख समासात लिहून ठेवली. भट्टी धरलेली होती. रकमेला मर्यादा होती. पुरावा लागणार होता. बर्नाडीनने डबा टाकला असला, तरी भट्टीवाल्याच्या दुकानात सहा वर्षांच्या पावत्यांच्या प्रती होत्या. त्या तिने मागून घेतल्या आणि माणसालाही परत बोलावलं. करारात रद्द करायला तीस दिवसांची मुदत होती, आणि सर्वांत शेवटी वॉरंटी घेतलेल्या बाईचे ते तीस दिवस भरायला अजून चार दिवस होते. मार्लिसने तिला फोन केला. तिने रद्द करून पैसे परत मिळवले आणि वर मार्लिसचेच आभार मानले.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात भट्टीवाला आला. साफ करता करता तो थांबला आणि त्याने टॉर्च मागितला. आतल्या पत्र्याला बोटभर लांब तडा गेला होता. ही पेटवू नका, तो म्हणाला, जळाल्याचा विषारी वायू घरात येईल, त्याला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. बर्नाडीनने मान हलवली आणि त्याला कॉफी विचारली. मार्लिस तळघराच्या पायरीवर उभी होती. तिला मोजायचं नव्हतं, तरी तिने मोजलं. आणखी दोन रविवार ती गप्प राहिली असती, तर थंडी पडून बर्नाडीनने भट्टी पेटवली असती.

क्लेम केला. कंपनीने पाठवलेला माणूस पुन्हा किरोसच निघाला. पावत्या बघून, भट्टी बघून त्याने लिहिलं की देखभाल उत्तम, वस्तू वयाने झिजली. कंपनीने मर्यादेपर्यंतची रक्कम मंजूर केली. वरचे पैसे बर्नाडीनने घातले, कुरकुरत, पण घातले. पुढच्या वसंतात तिने वॉरंटी चालू ठेवली, कारण तिच्या घरात सगळंच जुनं आणि सांभाळलेलं होतं. मार्लिसने बंद केली. तिच्या नव्या एसीला बनवणाऱ्याचीच दहा वर्षांची हमी होती. ती हमी तिने वॉरंटी बंद करायच्या आधी ओर्व्हलला मोठ्याने वाचून दाखवली होती, तो तीनदा डुलकी घेईपर्यंत.

नवी भट्टी यायला सोळा दिवस लागले. तोवर बर्नाडीन मार्लिसकडे राहायला आली. ती पहाटे पाचला उठायची, शाळेच्या स्वयंपाकघराच्या हिशेबाने दोघींसाठी बारा जणांचा नाश्ता करायची आणि वर्तमानपत्र वाचताना प्रत्येक बातमीला मार्लिसला “म्हणजे काय?” विचारायची. मार्लिसला कळत नसेल तेव्हा ती आता कळत नाही म्हणून सांगायची. पहिल्यांदा जड गेलं. पुढे सवय झाली.

सोळाव्या दिवशी दुपारी फोन आला की भट्टी बसवली, घर गरम झालंय. बर्नाडीनने बॅग भरली, कोट घातला, दारापर्यंत गेली, आणि बाहेर वारा किती सुटलाय ते काचेतून बघत उभी राहिली.

“जेवायला काय करणार होतीस?” तिने विचारलं.

“बटाट्याचं सूप.”

बर्नाडीनने कोट काढून खुंटीला अडकवला आणि कांदे चिरायला घेतले.